मिलानजवळचं गोर्गोन्झोला : कालव्याकाठचं नोकरदारांचं गाव

नदीकाठ

इटलीच्या सहलीचे धागे इथे पुष्कळ आहेत. बहुतेकांचा आराखडा एकच असतो : रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि विमान तिथून असेल तर मिलानमध्ये एखादी रात्र. मिलानच्या भोवती नोकरदारांची जी छोटी छोटी गावं आहेत, त्यांच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

माझी धाकटी बहीण आणि मेहुणे गोर्गोन्झोलाला राहतात. दोघांच्या नोकऱ्या मिलानमध्ये. शहरातली घरभाडी परवडेनात म्हणून ते मेट्रोच्या हिरव्या लाइनवर पूर्वेकडे सरकत सरकत इथवर आले. त्यांच्याकडे माझा चांगला मोठा मुक्काम झाला आणि आता माझं ठाम मत आहे, की मिलानसाठी चार-पाच दिवस हातात असतील तर राहायला शहराबाहेरचं असं एखादं गाव निवडावं. दुओमो, गॅलेरिया, स्फोर्झांचा किल्ला हे सगळं दिवसा जाऊन बघता येतं. संध्याकाळी मात्र इटालियन माणसं जिथे घरी परततात तिथे आपणही परतावं.

गाव वीसेक हजार वस्तीचं. नाव ओळखीचं वाटलं असेल, निळ्या बुरशीचं ते प्रसिद्ध चीज इथलंच. पूर्वी शरद ऋतूत बेर्गामोकडच्या डोंगरातून गाईगुरांचे कळप खाली मैदानात उतरायचे आणि इथे मुक्कामाला थांबायचे. दुधाचा सुकाळ व्हायचा आणि चीज बनायचं. आज उत्पादनाचा मोठा वाटा इथून पश्चिमेला, पिडमाँटमधल्या नोव्हाराच्या परिसरात होतो. चीजचा कारखाना बघायच्या इच्छेने कुणी येणार असेल तर त्याची निराशा होईल. सप्टेंबरमध्ये चीजचा उत्सव असतो, तेव्हा मात्र गाव फुलून जातं.

इथे यायचं ते कालव्यासाठी. त्याचं नाव नाविल्यो मार्तेझाना. पंधराव्या शतकात मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्झा याने अद्दा नदीचं पाणी मिलानपर्यंत आणण्यासाठी तो खोदायला घेतला. बेर्तोला दा नोवाते हा त्याचा अभियंता. लांबी साधारण ३८ किलोमीटर. शेतीला पाणी मिळालं, पाणचक्क्या फिरल्या आणि मालाच्या होड्याही चालल्या. पुढे मिलानच्या श्रीमंत घराण्यांनी याच्या काठाने उन्हाळी वाडे बांधले. गोर्गोन्झोलात हा कालवा जुन्या घरांना अगदी खेटून वाहतो. काही घरांच्या मागच्या दारातून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. एका ठिकाणी छपराचा लाकडी पूल आहे, तिथे उभं राहून खाली बघितलं की पाण्याचा वेग कळतो. वरून संथ दिसतं, पण तळाचं शेवाळ एकाच दिशेला सपाट झोपलेलं असतं. काठाने सायकलींची आणि पायी चालणाऱ्यांची वाट आहे. ती मिलान शहरापासून निघते आणि पार अद्देपर्यंत जाते.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे संत प्रोतासो आणि जेर्वासो यांचं चर्च. आराखडा सिमोने कांतोनी या वास्तुविशारदाचा आणि आश्रय सेर्बेल्लोनी घराण्याचा. याच कांतोनीने मिलानमधला सेर्बेल्लोनी वाडा बांधला, जिथे १७९६ साली नेपोलियन राहिला होता. एवढ्याशा गावाला हे चर्च भलतंच भव्य आहे.

बाकी 'प्रेक्षणीय स्थळं' म्हणाल तर संपली. उरतो तो गावाचा दिवस, आणि माझा जीव त्यातच रमला. सकाळी सात-साडेसातला सगळी वाट स्टेशनकडे वाहत असते. स्टेशनजवळच्या बारमध्ये (हे दारूचं दुकान नव्हे, कॉफीचं) लोक काउंटरपाशी उभ्याउभ्या छोटी कॉफी आणि एक ब्रिओश (गोडसर पाव) संपवतात आणि पाच मिनिटांत बाहेर पडतात. साडेआठनंतर गाव आजी-आजोबांचं. तेच आजोबा रोज त्याच टेबलाशी बसून बारमधला गुलाबी कागदावर छापलेला खेळाचा पेपर वाचतात, आणि एकाचा वाचून झाला की दुसऱ्याच्या हातात जातो. दुपारी साडेबारा ते साडेतीन शटर खाली. संध्याकाळी मेट्रोतून माणसं उतरायला लागली की बेकरीसमोर रांग लागते, चर्चच्या आवारात पोरांचा फुटबॉल सुरू होतो आणि जेवणाआधी अर्धंअधिक गाव कालव्याकाठी फेरफटका मारायला बाहेर पडतं.

सविस्तर प्रश्न विचारा, माहिती आहे तेवढं नक्की सांगेन.

टिपूर

छान लिहिलंय. वाचनखूण साठवली. आम्ही पुढच्या मे महिन्यात जातोय, सोबत सासू-सासरे आहेत. तिकिटांचं कसं? मिलानचा दिवसभराचा पास तिथे चालतो का?

नदीकाठ

@टिपूर, हा प्रश्न फार महत्त्वाचा. मिलानच्या सार्वजनिक वाहतुकीचे विभाग पाडलेले आहेत. शहरात आपण जे तिकीट घेतो ते एमआय-१ ते एमआय-३ या विभागांचं असतं. गोर्गोन्झोला त्याच्या बाहेर येतं, त्यामुळे ते तिकीट किंवा शहराचा पास इथे पुरत नाही. मशीनवर पुढच्या विभागाचं तिकीट निवडायचं. बाहेर पडतानाही गेटला तिकीट लावावं लागतं, म्हणून ते उतरेपर्यंत टाकून देऊ नका. सोपा मार्ग म्हणजे बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड. आत जाताना आणि बाहेर येताना तेच कार्ड टेकवा, भाड्याचा हिशेब आपोआप होतो. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर चौघं जाता येत नाही.

आणखी एक. हिरवी लाइन कास्चिना गोब्बा स्टेशननंतर दुभंगते. एक फाटा कोलोन्यो नॉर्दला जातो, दुसरा जेस्साते या शेवटच्या स्टेशनाला. आपल्याला जेस्साते लिहिलेलीच गाडी हवी. फलाटावरच्या पाटीवर शेवटचं स्टेशन दिसतं, ते वाचल्याशिवाय सासू-सासऱ्यांना गाडीत चढवू नका. मध्येच संपणाऱ्या गाड्याही असतात, त्यातून उतरून मागची जेस्साते गाडी घ्यायची.

माल्पेन्सा विमानतळावरून येणाऱ्यांसाठी : विमानतळाची रेल्वे चेंत्राले, गारिबाल्दी किंवा कादोर्नाला सोडते आणि ही तिन्ही स्टेशनं हिरव्या लाइनवरच आहेत. सामान घेऊन एकदाच बदलावं लागतं.

घाटावरचा

या फाट्याचा थोडा इतिहास. गोर्गोन्झोलापर्यंतचा मार्ग १९६८ साली जलद उपनगरी मार्ग म्हणून सुरू झाला आणि १९७२ मध्ये मेट्रोच्या दोन नंबरच्या लाइनला जोडला गेला. जेस्सातेपर्यंतचा पुढचा तुकडा १९८५चा. म्हणून शहराबाहेर पडल्यावर ही मेट्रो बोगद्यातून न जाता उघड्यावरून धावते. ज्यांना ट्रेनच्या खिडकीची आवड आहे त्यांनी चेर्नुस्को सोडल्यावर बाहेर लक्ष ठेवावं. मक्याची शेतं, पाट, विटांचे जुने शेतवाडे, मध्येच एखादी गोदामांची रांग. शहर कुठे संपतं ते नेमकं सांगता येत नाही, आणि रोज ये-जा करणाऱ्या माणसाचा देश असाच असतो.

मी शिकायला मिलानमध्ये होतो. आपली बरीच मुलं पोलितेक्निकोला, म्हणजे मिलानच्या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठात जातात, ते लाम्ब्राते-पिओलाच्या भागात आहे. तेही याच लाइनवर. शहरात खोली मिळाली नाही तर चेर्नुस्को, बुस्सेरो, गोर्गोन्झोला हे पर्याय जरूर बघा. प्रवास वाढतो, पण बसायला जागा मिळते आणि अभ्यास होतो.

भाकरवडी

शाकाहारींचं काय? आमच्या घरी अंडंही चालत नाही. आणि चीजच्या गावी जाऊन चीज खाता येतं का?

नदीकाठ

@भाकरवडी, ज्यांचं शाकाहाराचं पालन काटेकोर आहे त्यांच्यासाठी नीट सांगते. गोर्गोन्झोला चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. पार्मेजान आणि ग्राना पादानोचंही तेच. त्यामुळे ही तिन्ही चीजं आपल्या व्याख्येत शाकाहारी बसत नाहीत. वेटर "यात मांस नाही" असं अगदी प्रामाणिकपणे सांगेल, कारण त्यांच्या हिशेबात हे मांस नव्हेच. मिलानचा केशर घातलेला पिवळा भात, म्हणजे रिसोत्तो, हाही टाळा, त्यात मांसाचा रस्सा आणि गुरांच्या हाडातला मगज असतो. भाज्यांच्या सुपाचा रस्सा कशाचा आहे ते विचारून घ्यावं.

चालतं काय : टोमॅटो-तुळशीची सुकी पास्ता, वरून चीज न घालता (ताजी पास्ता अंड्याची असते, पाकिटातली सुकी बहुधा नुसत्या रव्याची), मारिनारा पिझ्झा, ज्यात चीज नसतंच, फोकाच्चा, पोलेंता म्हणजे मक्याची घट्ट उकड, भाजलेल्या भाज्या, शेंगा-डाळींची सॅलडं. मिकेत्ता नावाचा मिलानचा पाव बेकरीतून गरम आणा. तो आतून पोकळ असतो, त्यात टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल भरून खाल्लं की पोटभर होतं. आइस्क्रीमच्या दुकानात फळांच्या चवी बहुधा दूध-अंड्याशिवायच्या असतात, तरी विचारा.

घर भाड्याने घेतलंत तर स्वयंपाकघर हाताशी असतं आणि हा सगळा प्रश्नच हलका होतो. अशा गावांत आठवडी बाजारही भरतो. भाज्या ताज्या असतात, पण आपण हाताने निवडायच्या नाहीत. विक्रेत्याला सांगायचं, तो निवडून देतो. सुपरमार्केटमध्ये सुटी भाजी घेताना प्लास्टिकचा हातमोजा घालायचा असतो.

ज्यांना रेनेट चालतं त्यांनी चीज जरूर चाखावं. दोन प्रकार : दोल्चे म्हणजे मऊ, सौम्य, पिकांते म्हणजे जास्त मुरलेलं, तिखटसर. पहिलं किमान ५० दिवस मुरवतात, दुसरं किमान ८० दिवस. मुरत असताना त्याला लांब सुयांनी भोकं पाडतात, त्यातून हवा आत जाते आणि निळी बुरशी त्या वाटांनी पसरते. कापलेल्या तुकड्यात उभ्या निळ्या रेषा दिसतात त्या याच भोकांच्या. पहिल्यांदा खाताना दोल्चे घ्या, गरम पोलेंतावर.

पिंपळपान

माझा मुलगा नुकताच तिकडे नोकरीला लागला आहे. आम्ही दोघं त्याच्याकडे राहायला जाणार. हॉटेलचं बुकिंग नाही, मग कागदपत्रांचं काही बघावं लागतं का?

नदीकाठ

@पिंपळपान काका, हो, आणि हे बरेच लोक विसरतात. परदेशी पाहुणा घरी राहायला आला की यजमानाने ४८ तासांच्या आत तशी लेखी सूचना द्यायची असते. गावानुसार ती पोलिसांकडे किंवा नगरपालिकेत द्यावी लागते. फॉर्म साधा असतो : यजमानाचं नाव, घराचा पत्ता, तुमच्या पासपोर्टचे तपशील, किती दिवस राहणार. मुलाने तुम्ही पोहोचायच्या आधीच नगरपालिकेच्या संकेतस्थळावरून फॉर्म काढून भरून ठेवावा. घर भाड्याचं असेल तर कराराची प्रतही हाताशी असू दे.

तुम्ही फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे येणार असाल तर इटलीच्या हद्दीत पासपोर्टवर शिक्का बसत नाही. अशा वेळी आठ दिवसांच्या आत आपल्या उपस्थितीची नोंद पोलिसांकडे वेगळी करायची असते. हॉटेलात राहिलं तर हॉटेलवाले नोंद करतात, म्हणून पर्यटकांना याची कल्पना नसते. नोंदीची पोचपावती पासपोर्टसोबत ठेवा.

पिंपळपान

मनापासून आभार. व्हिसाच्या एजंटने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मुलाला आजच कळवतो.

सांजसावली

धागा आवडला, पण एक वेगळा मुद्दा मांडते. आम्ही मिलानजवळच्या दुसऱ्या एका अशाच गावात ऑगस्टमध्ये राहिलो होतो. गाव अक्षरशः बंद होतं. बेकरी बंद, औषधाचं दुकान बंद, जेवायला जागा नाही. दारादारावर सुट्टीच्या चिठ्ठ्या. दोन लहान मुलं सोबत होती, फार हाल झाले. शिवाय उकाडा आणि डास. त्यामुळे सरसकट सगळ्यांनी अशा गावात राहावं असं म्हणणं मला पटत नाही.

नदीकाठ

@सांजसावली, तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि मूळ लेखात यायला हवा असा आहे. १५ ऑगस्टला तिकडे फेर्रागोस्तोचा सण असतो आणि त्याच्या आगेमागे दोन-तीन आठवडे नोकरदार गावं समुद्रावर किंवा डोंगरात निघून जातात. शहरात पर्यटकांसाठी काहीतरी उघडं असतं. इथे ग्राहकच गावाबाहेर गेल्यावर दुकान कुणासाठी उघडायचं? ऑगस्टमध्ये जायचं असेल तर मुक्काम शहरातच करा. औषधांच्या दुकानांची मात्र पाळी लावलेली असते. बंद दुकानाच्या दारावर त्या दिवशी जवळचं कुठलं दुकान उघडं आहे ते लिहिलेलं असतं. हिरवा क्रॉस शोधायचा आणि दारावरचा कागद वाचायचा.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य हे दिवस उत्तम. नोव्हेंबरनंतर पो नदीच्या खोऱ्यातलं धुकं सुरू होतं. मला ते आवडतं, पण दिवस लवकर मावळतो आणि सर्द होतं. डासांचं मलम जून ते सप्टेंबर जवळ हवंच, कालव्याकाठी तर नक्कीच.

जेवणाच्या वेळाही आधीच लक्षात घ्या. दुपारी अडीचनंतर गावातली स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट साडेसातला उघडतात. लहान मुलं किंवा मधुमेही माणसं सोबत असतील तर पिशवीत खायला असू द्या.

टिपूर

सासऱ्यांना चालायला आवडतं, पण गुडघ्यांचा त्रास आहे. कालव्याची वाट चढ-उताराची आहे का?

नदीकाठ

अजिबात नाही, सपाट आहे. गोर्गोन्झोलाहून मिलानच्या दिशेने चालायला लागलं की कास्सिना दे पेक्की आणि मग चेर्नुस्को लागतं, दोन्हीकडे मेट्रो स्टेशन आहे. थकवा आला की जवळच्या स्टेशनवरून परत. चेर्नुस्कोत कालव्याकाठी व्हिल्ला आलारी हा अठराव्या शतकातला मोठा वाडा आहे, तिथवर गेलात तर उत्तम. सकाळी निघा. वाटेत बदकं हमखास दिसतील, आणि काठाच्या बिळांतून नुट्रिया डोकं काढतात. घुशीसारखा दिसणारा पण मांजराएवढा प्राणी, नारिंगी दातांचा. तो गवत खातो, त्याच्या वाटेला जाऊ नये. सायकलवाल्यांची घंटा वाजली की उजवीकडे सरका, तिथे डावीकडून पुढे जातात. आपल्या सवयीच्या उलट असल्याने आधीच सांगून ठेवा.

गिरणगावकर

मी या धाग्यावर एक ठिकाण सुचवतो. गोर्गोन्झोलाला राहणार असाल तर क्रेस्पी द'अद्दा बघितल्याशिवाय परत येऊ नका. अद्दा आणि ब्रेम्बो नद्यांच्या संगमाजवळ क्रेस्पी घराण्याने १८७८ साली कापडगिरणी काढली आणि तिच्याभोवती कामगारांचं अख्खं गाव वसवलं. १९९५ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. गिरणी २००३ मध्ये बंद पडली. घरांतून मात्र आजही माणसं राहतात, त्यातल्या काहींच्या मागच्या पिढ्या त्याच गिरणीत राबलेल्या.

माझे वडील लालबागच्या गिरणीत साच्यावर होते आणि आम्ही सात जण चाळीतल्या एका खोलीत वाढलो. त्यामुळे मी तिथे गेलो तो वेगळ्याच मनाने. सरळ आखलेले रस्ते, एकेका घरात दोन-तीन बिऱ्हाडं आणि प्रत्येकाला कुंपण घातलेली परसबाग. शाळा, दवाखाना, चर्च, न्हाणीघर सगळं मालकाने बांधलेलं. मालकाचा बंगला किल्ल्यासारखा आणि तोही कामगारांच्या घरांना लागूनच. रस्त्याच्या टोकाला दफनभूमी. तिथे मालकांची भलीमोठी दगडी समाधी उंचावर आणि तिच्यासमोर गवतात कामगारांचे छोटे छोटे क्रॉस, ओळीने. मी तिथे बराच वेळ थांबलो. कामगाराला परसबाग मिळाली, हे चांगलंच झालं. आमच्या आईला चार कुंड्यांनाही जागा नव्हती. पण जन्मापासून मरणापर्यंत एकाच घराण्याच्या सावलीत राहायचं, हेही त्या गावात स्पष्ट दिसतं. आपल्याकडे गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. तिथे गिरणीचं लोखंडी फाटक आणि भिंती जागेवर आहेत. निदान मुलांना दाखवायला काहीतरी शिल्लक आहे.

नदीकाठ

@गिरणगावकर दादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी बहिणीला फोन करून पुन्हा त्या गावाबद्दल विचारलं. तुम्ही दफनभूमीबद्दल लिहिलंत ते मी तिथे पाहिलं होतं, पण तुमच्या नजरेने पाहिलं नव्हतं.

जायचं कसं ते लिहिते. सायकल चालवणाऱ्यांसाठी कालव्याचीच वाट आहे. गोर्गोन्झोलाहून इंझागो, मग कास्सानो द'अद्दा. तिथून वाट उत्तरेला वळते आणि एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला खाली अद्दा असं सुरू होतं. संपूर्ण वाटेवर हा सर्वांत देखणा तुकडा. ग्रोप्पेल्लोला लाकडाचं प्रचंड पाणचाक आहे. व्हाप्रिओत मेल्त्सी घराण्याचा वाडा आहे, लिओनार्दो दा विंची आपल्या शिष्याकडे तिथे राहिला होता. पुढे त्रेत्सोला १९०६चं ताक्कानी जलविद्युत केंद्र. आपल्याला वीजघर म्हणजे करडी इमारत माहीत. हे नदीच्या वळणावर राजवाड्यासारखं उभं आहे. त्याचा वास्तुविशारद गाएतानो मोरेत्ती, आणि क्रेस्पीच्या दफनभूमीतली ती समाधीही त्याचीच. जाऊन-येऊन दिवस लागतो. सायकल मेट्रोतून नेता येते, पण कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळा सोडून.

सायकल नको असेल तर जेस्सातेहून बस आणि थोडं चालणं. रविवारी बस कमी असतात, शक्यतो कामाच्या दिवशी जा.

घाटावरचा

अद्देचं महत्त्व अजून एका कारणाने आहे. ही नदी कित्येक शतकं मिलानच्या राज्याची पूर्व सीमा होती, पलीकडे व्हेनिसचं प्रजासत्ताक. नदीकाठच्या कास्सानोला लढायाही झाल्या, १७०५ मध्ये आणि पुन्हा १७९९ मध्ये. त्रेत्सो आणि कास्सानोचे किल्ले याच सीमेवर उभे आहेत. आज जो माणूस बेर्गामोकडून रोज मिलानला कामाला जातो, तो एके काळची आंतरराष्ट्रीय हद्द ओलांडतो.

फुटबॉलवेड्यांसाठी : गोर्गोन्झोलाचा स्वतःचा व्यावसायिक संघ आहे, जिआना एर्मिनिओ. स्थापना १९०९. पहिल्या महायुद्धात पडलेल्या एका सैनिकाचं नाव संघाला दिलेलं आहे. २०१४ मध्ये हा संघ तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे सेरिए सीमध्ये पोहोचला. मिलानच्या सान सिरो या मोठ्या स्टेडियमचं तिकीट महाग पडत असेल तर इथला सामना बघा. मैदान लहान असल्याने खेळाडू एकमेकांना काय ओरडतात तेही ऐकू येतं, आणि शेजारी बसलेले आजोबा पंचाच्या चुका आवर्जून समजावून सांगतात. तिकिटासाठी नाव-ओळखपत्र लागतं, पासपोर्ट न्या.

भाकरवडी

आमचे चिरंजीव फुटबॉलचं ऐकूनच तयार झाले! @नदीकाठ, भाषेचं कसं जमवलंत? इंग्रजी चालतं का?

नदीकाठ

तरुणांना येतं, बेकरीतल्या बाईंना येत नाही. पण दुकानात शिरताना "ब्वॉन जोर्नो" आणि निघताना "आर्रिवेदेर्ची" एवढं न चुकता म्हटलं की पुढचं हातवाऱ्यांवर निभतं. न बोलता आत शिरणं तिथे उद्धटपणाचं समजतात. बारमध्येही तसंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बारवाली मला बघितल्याबरोबर कॉफीचा कप यंत्राखाली ठेवायची. मिलानच्या मध्यवस्तीत रोज हजार माणसं येतात, तिथे कुणी कुणाला लक्षात ठेवावं? गावात राहा म्हणते ते यासाठी.

टिपूर

ठरलं. मे महिन्यात मिलानचं हॉटेल रद्द करून गोर्गोन्झोलात स्वयंपाकघर असलेलं घर बघतोय. एक शेवटची शंका : स्टेशनपासून किती लांब घ्यावं?

नदीकाठ

सासऱ्यांचे गुडघे बघता स्टेशन आणि कालवा यांच्या मधल्या भागात घ्या, दोन्हीकडे सावकाश चालत जाता येतं. जुन्या घरांना लिफ्ट नसते, ते आधी विचारा. घरमालकाकडून कचऱ्याचं वेळापत्रकही मागून घ्या. ओला, कागद, प्लास्टिक आणि काच वेगवेगळ्या दिवशी उचलतात, आणि चुकीच्या दिवशी पिशवी बाहेर ठेवली तर ती तिथेच राहते. घर पक्कं झालं की इथे लिहा, बहिणीला विचारून जवळची चांगली बेकरी कळवते.